लहरींचं लायसन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी रेडिओ होता आणि त्याची एक पुस्तिकाही होती. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. नुसता रेडिओ ऐकायलाही लायसन लागायचं, असं सांगितलं की आजची मुलं हसतात. १९८० च्या दशकात ते बंद झालं.

१९८३ च्या सुरुवातीला मी लातूरला नववीत होतो. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. वाचनालयातल्या एका मासिकात मला बिनतारी लहरींवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीचा नकाशा सापडला. मोडक्या ट्रान्झिस्टरचे सुटे भाग जमवले, तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली. लहरी पाठवणारा भाग अर्धा झाला तोच अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ते सगळं उचललं आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मी दोन दिवस जेवलो नाही. कुलूप काही निघालं नाही.

कायद्याने अण्णांचं बरोबर होतं. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणे असं यंत्र विनापरवाना जवळ बाळगणं हाही गुन्हा होता. पण अण्णांनी तो कायदा वाचलेला नव्हता. त्यांची भीती जुनी होती.

अण्णांचं लहानपण उदगीरजवळच्या खेड्यात गेलं. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. हैदराबादचा रेडिओ निजाम सरकारचा. १९४८ साली रझाकारांची दहशत असताना गावातल्या एका वाड्यात दारं लावून, आवाज बारीक करून दिल्ली ऐकली जायची. एका रात्री तो बॅटरीवरचा सेट वाड्यातून नाहीसा झाला. तो कोणी नेला, वाड्यातल्या माणसांचं पुढे काय झालं, हे अण्णांनी मला कधीच सांगितलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची शरणागती जाहीर झाली तीही रेडिओवरूनच. पुढे १ एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली. राज्य बदललं. पण रेडिओ म्हणजे सरकारची वस्तू, तिच्याशी खेळू नये, हे अण्णांच्या मनातून गेलं नाही.

खरं तर लहरींवर वस्तू चालवण्याचा खेळ रेडिओवरच्या गाण्यांहून जुना. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट दुरून चालवून दाखवली. बोटीत शिकवलेलं माकड लपवलंय, असं काही प्रेक्षकांना वाटलं म्हणे. टेस्लाला मात्र त्यातून आरमाराला उपयोगी पडणारं शस्त्र दिसत होतं. सरकारं लहरींना एवढी का जपतात, हे इथे कळतं.

माझी गाडी झाली ती पंचवीस वर्षांनी, नांदेडला. २००५ साली केंद्र सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला होता. बाजारातली रिमोटची खेळणी बहुतेक त्याच पट्ट्यातली. माझ्या भाच्याने ड्रॅग रेसबद्दल कुठेतरी वाचलं होतं. सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला. ‘मामा, आपण एक दशांश करू,’ तो म्हणाला. म्हणजे चाळीस मीटर.

भंगारवाल्याकडून वजनावर एक बंद पडलेलं बॅटरीचं ड्रिल मशीन आणलं. त्याची मोटार चांगली होती, बॅटरीतले काही सेलही जिवंत होते. खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीची चासी केली. मागच्या चाकांना सायकलची ट्यूब कापून चिकटवली. जोरात सुटताना नाक उचलून गाडी उलटू नये म्हणून मागे स्पोकची शेपटी वाकवून लावली. मागच्या ॲक्सलवरचं दातेरी चाक दोनदा तुटलं, तिसरं लेथवाल्याने पितळेचं करून दिलं. रिमोट आणि रिसीव्हर एका तुटक्या खेळण्यातला. त्या रिसीव्हरला एवढी मोटार पेलणार नव्हती, म्हणून मध्ये जीपच्या हॉर्नचा रिले टाकला. त्यामुळे वेग कमी-जास्त करता येईना. एक तर बंद, नाहीतर पूर्ण. ड्रॅगच्या गाडीला आणखी काय हवं?

२००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडमध्ये रस्त्यांची मोठी कामं झाली होती. त्यातल्याच एका नव्या काँक्रीट रस्त्यावर रविवारी पहाटे गाडी सोडली. ती सुटली ती थांबेचना. बटण सोडलं तरी पळत राहिली आणि दुभाजकावर आपटली.

कारण सापडायला तीन रविवार गेले. मोटारीच्या आत कार्बन घासतात तिथे ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून लहरी निघतात. जगातले पहिले रेडिओ ट्रान्समीटर ठिणगीचेच होते. हर्ट्झने तसंच केलं, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही. आमची मोटार म्हणजे चाकांवरचं तसलंच एक स्टेशन झालं होतं आणि स्वतःच्याच रिसीव्हरचे कान भरत होती. जुन्या टीव्हीच्या बोर्डातले तीन छोटे कंडेन्सर काढले. एक मोटारीच्या दोन टोकांमध्ये आणि एकेक टोकापासून मोटारीच्या पत्र्याला, असे डाग दिले. रिसीव्हरला वेगळे सेल दिले, तारांना पीळ घातला. गाडी ऐकायला लागली.

तेव्हा अण्णा बहिणीकडे नांदेडला आले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. चौथ्या रविवारी शाल गुंडाळून आमच्याबरोबर रस्त्यावर आले. भाच्याने रिमोट पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही.

‘ह्याला लायसन लागतंय का रे?’

‘नाही अण्णा. आता नाही लागत. कायदाच बदलला.’

‘कागद हाय का तसा?’

कागद नव्हता. भाचा म्हणाला, ‘आबा, दुकानात सगळ्यांना मिळतंय हे.’ अण्णांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग रिमोट घेतला आणि बटण दाबलं. खडूची रेघ ओलांडायला गाडीला पाच सेकंदही लागले नाहीत. त्यांनी बटण सोडलं, गाडी थांबली. त्यांनी ती परत आणायला लावली. असं सहा वेळा झालं, मग सेल उतरले.

लातूरला परतल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. कॉइलची तार हिरवी पडली होती. तिच्याखाली रेडिओच्या लायसनची पुस्तिका होती, सगळी तिकिटं जागच्या जागी. दोन्ही त्यांनी माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला सांगितला.