काटेरी करडईची गोष्ट

गौतमपुऱ्याचं नाव काढलं की दिवाळीचा पाडवा आठवतो. हिंगणाची फळं पोखरून, त्यांत दारू ठासून तुर्रा आणि कलंगी हे दोन पक्ष पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, त्यांच्या नावाशी जोडलेलं हे गाव. एका काटेरी झाडाचं नाव या गावाने असं दूरवर नेलं. माळव्याच्या काळ्या मातीतली दुसरी काटेरी वनस्पती मात्र मुकाट्याने मागे पडली. ती म्हणजे करडई.

करडई काही कालची नव्हे. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींबरोबर तिच्या फुलांचे हार सापडले. आपल्याकडे संस्कृतात ती कुसुंभ, आणि आपल्या साड्यांचा कुसुंबी रंग तिचाच. रंग काढणं सोपं नव्हतं हो. फुलं वाळवायची, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवायचा आणि लिंबासारख्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. एवढं करूनही उन्हात तो विटायचा. 1856 नंतर विलायतेत कारखान्यातले रंग निघाले आणि ही मेहनत कोणी करीना.

रंग गेला तरी भाजी राहिली. महिनाभराच्या रोपाची पानं कोवळी असतात. पुढे काटे धरले की हात लावायची सोय नाही. मुगाची डाळ, हिंग-जिरं आणि दाण्याचं कूट घातलं की लसणाची आठवणसुद्धा होत नाही. आपल्याकडे चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य; करडई येते ती रब्बीत, नेम सुटल्यावर. म्हणून ती आपल्या चुलीला सोयीची.

बियांचं तेल घाण्यावर निघे. गुरं आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने करडईचे तास पेरत. कापणी पहाटे, दवाने काटे नरम असताना, हाताला फडकी गुंडाळून.

मग ती गेली का? तिचं मूळ खोल जातं, जमिनीतल्या ओलीवर पीक येतं. ट्यूबवेल आल्या, पाणी मिळालं, तिथे गहू आला. कोरडवाहूपणाचा गुणच तिच्या मुळावर आला म्हणा. फलटणला 1968 साली सुरू झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, फुलांचा चहाही लोकांपुढे आणला.

एक मात्र सांगते. काटेरी दिसलं ते सगळं खायचं नसतं. पिवळ्या धोत्र्याची पानंही काटेरी, बी मोहरीसारखं, पण विषारी. 1998 साली दिल्लीत त्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक माणसं दगावली. कोणतं पान खुडायचं, कोणतं सोडायचं, हे ज्ञान बायकांनी हातोहात पुढे दिलं. ते कोणत्या बखरीत लिहिलेलं नाही. बांधावर करडईचा एक तास राहिला, तर लेकी-सुनांना ते दाखवून तरी देता येईल.