न्यू हॅम्पशायरची राजकीय संस्कृती

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर या राज्याची राजकीय संस्कृती सामान्यतः स्वातंत्र्यवादी मानली जाते. ती प्रत्यक्षात करविरोधी पुराणमतवादच आहे, असाही एक मतप्रवाह आहे. ‘मुक्त जगा किंवा मरा’ हे राज्याचे ब्रीदवाक्य जनरल जॉन स्टार्क यांच्या १८०९ मधील पत्रातून घेतले असून ते १९४५ मध्ये स्वीकारण्यात आले. वाहनाच्या क्रमांकपट्टीवरील हेच ब्रीद झाकल्याबद्दल राज्याने एका नागरिकाला शिक्षा केली होती. ते मिरवण्याची सक्ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ‘वूली विरुद्ध मेनार्ड’ खटल्यात दिला.

राज्यात वेतनावर आयकर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही. खर्चाचा मोठा भार स्थानिक मालमत्ता करावर पडतो. प्रौढांना सीटबेल्टची सक्ती नाही. मात्र व्हिस्की, रम आदी मद्यांची किरकोळ विक्री राज्य सरकारच्याच दुकानांतून होते. तिन्ही शेजारी राज्यांनी करमणुकीसाठीच्या गांजाला मान्यता दिल्यानंतरही येथील तसे विधेयक २०२४ मध्ये बारगळले.

निव्वळ पुराणमतवादाचे स्पष्टीकरणही अपुरे पडते. समलिंगी विवाहाचा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहानेच फेटाळला.

स्वातंत्र्यवाद्यांनी एकत्र स्थलांतर करावे, या हेतूने चाललेल्या ‘फ्री स्टेट प्रोजेक्ट’ने २००३ मध्ये याच राज्याची निवड केली. या चळवळीची मर्यादा क्रॉयडन गावात दिसली. मार्च २०२२ च्या ग्रामसभेत तुरळक उपस्थितीत शाळेचा अर्थसंकल्प निम्म्याहून कमी करण्यात आला; मे महिन्यात ग्रामस्थांनी तो ३७७ विरुद्ध २ मतांनी पूर्ववत केला.