नाचणीची पायरी

वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या पायथ्याकडील सातिवलीत आज औद्योगिक गाळ्यांची दाटी असली, तरी या डोंगरपट्ट्यातील वारली, कातकरी कुटुंबांचे जुने अन्न म्हणजे उतारावर पिकणारी नाचणी आणि वरी. खाचरांतला भात बराचसा जमीनदार-सावकारांच्या कोठारात जाई, आणि तो पिकवणाऱ्याच्या वाट्याला पावसाळ्यात कंदमुळे व पातळ आंबील येई. १९४५ च्या वारली उठावाने वेठबिगारीला, म्हणजे बिनमोबदल्याच्या सक्तीच्या श्रमाला, जबर हादरा दिला. मात्र पांढरा भात प्रतिष्ठेचा आणि काळी भाकरी गरिबाची, ही अन्नाची उतरंड मोडली नाही, आणि हे दुःख लहान नव्हे.

ओल्या हाताने थापलेली, कडेला किंचित चिरलेली नाचणीची ती काळसर-तांबूस भाकरी चारचौघांत उघडताना शाळकरी मुलाला संकोच वाटतो, आणि वेफर्सची चकचकीत पुडी मात्र तो अभिमानाने फोडतो. समाजाच्या शिडीवर आपण कोणत्या पायरीवर आहोत, या स्वतःच्या समजुतीला अभ्यासक ‘आत्मगत सामाजिक स्थान’ म्हणतात. ते मोजणारी किशोरवयीनांची शिडी २००१ मध्ये मांडली गेली. पुढे २०१७ मध्ये बॉबी चिऑन आणि यिंग-यी हाँग यांनी प्रौढांवरील प्रयोगांतून दाखवले, की खालच्या पायरीची नुसती जाणीवही माणसाला जास्त खायला लावते. हाडे भरण्याच्या शाळकरी वयात मागे सारली जाते ती नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.