माही, नहंग आणि नाखवा

वाचकहो, ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या कागदांचे रुमाल अजून असतील. त्यांत ‘माही मरातिब’ असे शब्द आढळले तर जरा थांबा. माही म्हणजे मासा, आणि मरातिब हे ‘मर्तबा’चे अनेकवचन. धातूचा मासा उंच काठीवर लावून हत्तीवरून मिरवायचा, हा मोगल दरबाराचा फार मोठा मान. १७९२ साली महादजी शिंद्यांनी बादशहाची वकील-ए-मुतलकीची वस्त्रे पुण्यात सवाई माधवरावांना अर्पण केली, तेव्हा त्या सरंजामात हा मासाही होता.

म्हणजे फारसीतला मासा आपल्याकडे दरबारातून आला, बाजारातून नव्हे. दर्या आणि बंदर हे शब्द फारसी. ‘नाखवा’ हा फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा धनी. पण बांगडा, बोंबील, मोरी ही नावे कोळ्यांची कोळ्यांकडेच राहिली. (मासे न खाणाऱ्या घरातला मी, हे शब्द मला रुग्णांनी शिकवले.) राज्यकर्त्यांची भाषा धक्क्यापर्यंत आली, जाळ्यात शिरली नाही.

फारसी नावे शिकायला मात्र मौजेची आहेत. ऑक्टोपस हा ‘हश्तपा’, अष्टपाद. जेलीफिश ही ‘अरूस-ए-दर्याई’, समुद्राची नवरी. खेकडा ‘खरचंग’. खर म्हणजे गाढव, पण समासात तो ‘मोठा’ या अर्थीही येतो. चंग म्हणजे पंजा. खरगोश ठाऊक असलेल्याला हे वेगळे सांगायला नको. खेकड्याचे दुसरे नाव अरबीतून घेतलेले ‘सरतान’, आणि कॅन्सरलाही तेथे सरतानच म्हणतात. आपल्या कर्करोगातला कर्क तोच. ग्रीक वैद्यांनी गाठीला खेकडा म्हटले, त्याची ही वंशावळ.

खरी फसगत होते ती ‘नहंग’पाशी. जुन्या फारसी काव्यात नहंग म्हणजे मगर किंवा पाण्यातला अक्राळविक्राळ प्राणी; उर्दूतही मगरच. हैदराबादच्या वाचकांना हे माहीत असेल. आजच्या इराणात मात्र नहंग म्हणजे देवमासा. आजचा कोश हाती घेऊन जुनी बखर किंवा पत्र लावणारा माणूस गंगेत देवमासा सोडील!

म्हणून रुमाल सोडण्यापूर्वी शेजारी जुना कोश असू द्या. स्टाइनगासचा १८९२ सालचा आहेच. शिवाय बडोद्यात जन्मलेल्या माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव ज्यूलियनांचा, १९२५ सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ही आहे.