जर्मनीत टॅक्सी, पुण्यात मर्सिडीज

परवाच्या शनिवारी निगडी प्राधिकरणात एका बंगल्याच्या पोर्चमध्ये जाऊन मी एक गाडी बघून आलो. १९९६ ची मर्सिडीज ई२२०. नंबर एमएच-१२, रंग गडद निळा, मालक एक निवृत्त कारखानदार काका. मागणी साडेचार लाख. आमच्या टीममधल्या निम्म्या पब्लिकने हप्त्यांवर घेतलेल्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमीच! घरी येऊन फोटो दाखवले तर बायको म्हणाली, "ही तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे." खरं आहे. एका वर्षाने.

तर ती गाडी घ्यावी की घेऊ नये यावर आठवडाभर डोकं चालवतोय. पण मी मूळचा हावरट वाचक. गाडीचं इंजिन बघायच्या आधी तिचा इतिहास उघडून बसलो आणि त्यातच रमलो. शेवटी निर्णयालाही तोच उपयोगी पडला, म्हणून इथे लिहून ठेवतो.

माझा मामा टेल्कोत होता, पिंपरीला, ट्रकच्या लाइनवर. त्याला फोन केला तर पहिलं वाक्य, "अरे, मर्सिडीज काय सांगतोस मला, आमचा ट्रकच मर्सिडीज होता." मामा फेकतोय असं वाटलं. तो फेकत नव्हता. टेल्को १९४५ मध्ये सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. ट्रक बनवायचे ठरले तेव्हा १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार झाला, पंधरा वर्षांचा. १९६९ पर्यंत जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांची ती चांदणी असायची. करार संपला, चांदणी गेली, तिथे टाटांचा 'टी' आला. पुण्याचा कारखाना त्या कराराच्या शेवटच्या काळातला, १९६६ चा. म्हणजे आपल्याकडे मर्सिडीज आधी आली ती माल वाहायला. शेठ लोकांना वाहायला ती पुढे बऱ्याच वर्षांनी आली.

दुसरी गंमत तर याहून भारी आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९८० च्या दशकात मर्सिडीजचं एक डिझेल इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं, ओएम६१६. गावाकडे माणसं टपापर्यंत भरून धावणारी ट्रॅक्स आठवते? तिच्यात हेच इंजिन. आणि हेच इंजिन युरोपात मर्सिडीज २४० डी मध्ये होतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची आपली २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीने आपल्या म्युझियमसाठी घेतली. इंजिनं अधूनमधून बदलत तो चालवत राहिला, हे खरं. पण ४६ लाख! लहानपणी मामाकडे जाताना ज्या ट्रॅक्समध्ये मी ओकलो, तिचं इंजिन इतक्या मोठ्या घराण्यातलं होतं हे तेव्हा माहीत असतं तर जरा आदराने ओकलो असतो.

असो. आता मूळ गाडीकडे.

मी बघितलेल्या मॉडेलचं कारखान्यातलं नाव डब्ल्यू१२४. १९८४ च्या अखेरीस ती युरोपात आली. डिझाइनचा प्रमुख ब्रुनो साक्को, मूळचा इटालियन. बाहेरून बघाल तर एकदम सरळसोट, आपल्या बँकेच्या मॅनेजरसारखी. पण हवेचा विरोध मोजायचा जो गुणांक असतो तो हिचा ०.२९ च्या आसपास होता, आणि हे चाळीस वर्षांपूर्वी. समोरच्या काचेला वायपर एकच. तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता आत-बाहेर सरकतो, म्हणजे काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. काकांनी पोर्चमध्ये उभ्या उभ्या तो चालवून दाखवला. मी चार वेळा चालवायला लावला. काकूंनी खिडकीतून बघितलं.

मला सगळ्यात आवडलं ते मागचं सस्पेन्शन. आधी १९८२ च्या लहान १९० मॉडेलमध्ये आलेलं, मग हिच्यात. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे. का पाच? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. अवकाशात मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हलता येतं: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. एक दांडा त्यातलं एक स्वातंत्र्य काढून घेतो. पाच दांड्यांनी पाच गेली, उरलं एक, वर-खाली. बस्स, चाकाला तेवढंच तर हवं! त्या पेपरात मी ४२ मार्कांनी सुटलो होतो. हे उदाहरण कुणी वर्गात दिलं असतं तर पन्नास तरी पडले असते.

जर्मनीत मात्र ही काही फार मिरवायची गाडी नव्हती. तिथल्या हिशोबात ती वरच्या मध्यमवर्गाची. ऑफिसातला मोठा साहेब हीच वापरायचा आणि स्टेशनवरचा टॅक्सीवालाही हीच, फिकट पिवळसर पांढऱ्या रंगातली डिझेल. टॅक्सीवाल्याला चालते म्हणजे टिकते, हीच साहेबाला खात्री. 'एक्झिक्युटिव्ह' गाडीचा मूळ अर्थ मला वाटतं हाच असावा. दिखावा कमी आणि रोज सकाळी चालू होण्याची हमी जास्त.

आणि हा प्रकार संपला कसा, तेही बघण्यासारखं आहे. १९८९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लेक्सस एलएस४०० आणली, ३५,००० डॉलरला. गाडी अंगापिंडाने मोठ्या एस-क्लासच्या जातीची, पण भाव सहा सिलिंडरच्या १२४ पेक्षाही कमी. मर्सिडीजचा तोवरचा खाक्या असा होता की इंजिनिअर आधी गाडी बनवणार, मग खर्च मोजायचा, वर नफा लावायचा आणि किंमत सांगायची. लेक्ससनंतर ते उलटं झालं. बाजारात किंमत काय मिळेल ते आधी ठरणार आणि तेवढ्यात बसेल अशी गाडी बनवायची. (आमच्याकडे याला 'फिक्स्ड बिड प्रोजेक्ट' म्हणतात. त्यात क्वालिटीचं काय होतं ते मी सांगायला नको.) १९९५ मध्ये जर्मनीत १२४ च्या जागी गोल डोळ्यांची डब्ल्यू२१० आली. पुढे ती गंजासाठी बदनाम झाली. जुन्या गाड्यांचे शौकीन १२४ ला 'शेवटची खरी मर्सिडीज' म्हणतात ते यामुळे. शौकीन लोकांचं निम्मंच ऐकावं, पण निम्मं ऐकावंच.

आता पुणे. १९९१ नंतर दारं उघडली, १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनाचं लायसन्सही गेलं. १९९४ मध्ये डायमलर-बेंझ आणि टेल्को पुन्हा एकत्र आले आणि १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोच्या आधाराने गाड्या निघायला लागल्या. जर्मनीतून सुट्या भागांचे संच यायचे आणि इथे जोडणी व्हायची. गाडी कुठली? हीच, डब्ल्यू१२४! ज्या वर्षी तिकडे तिला निरोप दिला, त्याच वर्षी इकडे तिचं ओवाळून स्वागत केलं. मामा सांगतो, "आम्ही लांबून बघायचो. आमच्यातले काही जण तिकडे गेले, तर आम्हाला वाटायचं नशीब काढलं." खप मात्र कंपनीला वाटला होता त्याच्या जवळपासही गेला नाही. एवढा पैसा असलेली माणसं जग बघून आलेली असायची. फ्रँकफर्टच्या विमानतळाबाहेर जी गाडी टॅक्सी म्हणून लागते ती आपण इथे एवढी किंमत मोजून का घ्यायची, हा प्रश्न त्यांना पडणारच. दोन-तीन वर्षांत १२४ इथूनही गेली आणि २१० आली. पुढे २००९ मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली.

त्या वेळी लोक म्हणाले, जर्मनांनी आपल्या गळ्यात जुना माल मारला. तेव्हाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर तक्रार रास्तच होती. पण आज सेकंडहँड घेणाऱ्याच्या बाजूने बघा. दहा वर्षं चालवून, चुका काढून, घासूनपुसून झालेलं डिझाइन आपल्याला मिळालं. सॉफ्टवेअरमध्ये व्हर्जन १.० चा उत्साह मॅनेजरला असतो, सपोर्टवाला मात्र नेहमी शेवटच्या स्थिर रिलीजसाठी नवस बोलतो. तीस वर्षांची गाडी घेणारा माणूस सपोर्टवालाच की!

पण (हा 'पण' महत्त्वाचा आहे) त्या शेवटच्या रिलीजमध्ये एक बग होता. साधारण १९९२ ते १९९५ च्या दरम्यान मर्सिडीजच्या इंजिनांच्या वायरिंगवर पर्यावरणाला सोसेल, पुढे कुजून जाईल अशा प्रकारचं आवरण वापरलं गेलं. ते वेळेआधीच कुजायला लागलं. इंजिनच्या उष्णतेने आवरण कडक होतं, तडकतं, बोट लावलं की पापडासारखं गळून पडतं. मग उघड्या तारा एकमेकींना चिकटतात. आधी गाडी नुसती अडखळते, आणि फार दुर्लक्ष केलं तर महागडा कंट्रोल युनिटच जातो. बाकी सगळी गाडी पन्नास वर्षं टिकावी अशी आणि तिच्या नसा मात्र दहा वर्षांच्या. इथे जोडलेल्या गाड्या नेमक्या याच उंबरठ्यावरच्या. म्हणून ई२२० बघायला जाल तेव्हा रंग, सीट, अलॉय व्हील राहू द्या बाजूला. बॉनेट उघडा आणि इंजिनच्या हार्नेसवरचा तारखेचा बिल्ला शोधा.

मी शोधला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये, हात काळे करून. तारीख २००९ ची निघाली. काकांनी कधीतरी पूर्ण हार्नेस बदलून घेतला होता आणि स्वतःच विसरले होते! त्या क्षणी मला गाडी साडेचार लाखांना स्वस्त वाटली, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार, ही माझी चूक.

बाकीचा हिशोब तेवढा गोड नाही. त्या सुंदर पाच दांड्यांच्या प्रत्येक टोकाला रबराचं बुश असतं आणि आपले रस्ते रबर खातात. मागून येणारा तो 'टक टक' आवाज त्याचाच. माझ्या ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, पुढचं-मागचं सगळं करायचं तर लाख-सव्वा लाख धरून चाला. पेट्रोल शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९९६ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणजे तेही बदलणं आलं. आरटीओचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. रजिस्ट्रेशन नव्याने करायची फी २०२२ मध्ये ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून १०,०००. विंटेज म्हणून सवलत मागावी तर त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे हिला अजून वीस वर्षं अधल्यामधल्या वयात काढायची आहेत.

एक्सेल शीट केली. पहिल्या वर्षाचा एकूण आकडा सात लाखांच्या जरा खाली आला. बायकोने शीट बघितली आणि विचारलं, "यात गाडी बंद पडेल त्या दिवसाच्या कॅबचे पैसे कुठे आहेत?" एक रो वाढवली.

रविवारी मामाला घेऊन पुन्हा गेलो. त्याने बॉनेटकडे बघितलंच नाही. मागचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग मागच्या सीटवर जाऊन बसला, चप्पल बाहेर काढून. इतकी वर्षं त्याच गावात काढून आत बसायची त्याची ही पहिलीच वेळ. पाच मिनिटं काही बोलला नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावणेचारच्या वर एक रुपया जाऊ नकोस, बुश गेलेत."

पावणेचार सांगितले आहेत, आणि आधी पासिंग काकांनी करून द्यायचं ही अट. काका म्हणाले, काकूंना विचारून कळवतो.