मोहाचं फूल कुणाचं?

मायबहिणींनो, आज मोहाबद्दल बोलू. नाव काढलं की काही जणी पदराआड हसतात. मोह म्हणजे दारू, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. ते कसं बसलं, त्यालाही इतिहास आहे.

चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात, पावरा-भिल्लांच्या पाड्यांवर मोह म्हणजे आधी खाणं. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं, तेही ठरलेलं. उजाडताच बाया-पोरी टोपल्या घेऊन हजर. फुलं वाळवून साठवायची आणि पावसाळ्यात धान्य संपलं की शिजवून, नाहीतर भाजून-कुटून खायची. बियांचं तेल दिव्याला आणि स्वयंपाकालाही. दारूही व्हायची. सणाला, लग्नाला, देवाला.

इंग्रज सरकारला त्यात महसूल दिसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरी दारू गाळायला बंदी आली. १८९२ साली तर खुद्द मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला. तो ठाणे-कुलाबा भागासाठी होता. मग आला १९२७ चा वन कायदा. त्यात म्हटलंय की मोहाची फुलं आणि बिया जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, ते वनउपजच. म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडाचं फूलसुद्धा! स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधनं राहिलीच.

दारूनं घरं कशी मोडतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण दारूच्या नावाखाली बाईच्या टोपलीतलं खाणंही संशयाचं झालं, हे आम्हाला पटत नाही.

२००६ च्या वन हक्क कायद्यानं पारंपरिक गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि त्यावरच्या मालकीचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंधही उठवले. गाळायची मोकळीक मात्र यात नाही, हे लक्षात असू द्या.

गावाच्या सामूहिक दाव्याच्या अर्जात गौण वनउपजाचा रकाना असतो. तिथे नुसतं ‘मोह’ लिहून थांबू नका. फुलं, बिया, पानं वेगवेगळी लिहा. आणि पुरावा म्हणून गावातल्या वृद्धांचं लेखी घेतलेलं सांगणंही नियमात चालतं. कोणतं झाड कोण वेचायचं, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ आहे. ग्रामसभेला त्यांना सोबत न्या आणि त्या सांगतील ते लिहून घ्या.