गाबा आणि दृष्टी-बाह्यक : एका वादाचा इतिहास

चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात हे तुम्ही शाळेत शिकलात. त्या एकमेकींना गप्पही करतात, ही बाब मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते. डोळ्यांकडून आलेले संकेत मेंदूच्या मागील भागातील ज्या दृष्टी-बाह्यकात पोहोचतात, तिथे या गप्प करण्याचे काम काय, यावर जवळजवळ वीस वर्षे वाद झाला.

1958 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या दृष्टी-बाह्यकातील एका पेशीचे विद्युत् स्पंद नोंदवत होते. ठिपके दाखवून पेशी बोलेना. काचेची पट्टी सरकवताना मात्र तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम कडकडू लागली. तिला ठरावीक कोनातली रेषा हवी होती! त्यांच्या मते पेशीकडे येणारे उत्तेजक संकेतच एका ओळीत मांडलेले असतात. ही निवड त्यातूनच येते.

रसायनाची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. गाबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, मेंदूत 1950 मध्ये सापडले. ते रोधक चेतापारेषक आहे हे मान्य व्हायला बराच वेळ लागला. 1971 मध्ये आयव्हर्सन, मिचेल आणि श्रीनिवासन यांनी दाखवले, की रोध चालू असताना मांजराच्या दृष्टी-बाह्यकातून गाबा बाहेर पडते. त्याच सुमारास गाबाचा परिणाम अडवणारे बायकुक्युलीन हे द्रव्यही संशोधकांच्या हाती आले होते.

ते द्रव्य बारीक काचनळीतून पेशीजवळ सोडून ॲडम सिलिटो यांनी 1975 मध्ये पेशीचे प्रतिसाद पुन्हा मोजले. एकाच दिशेने सरकणाऱ्या रेषेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आता उलट दिशेलाही देऊ लागल्या; कोनाची निवडही ढिली पडली. म्हणजे निवड रोधातून घडते? अनेकांनी तसेच मानले.

इथे थोडे थांबा आणि स्वतःच त्रुटी शोधून पाहा. सोडलेले द्रव्य एकाच पेशीपाशी थांबत नाही. शेजारणींचा रोधही ते उठवते. मग बदल या पेशीतला की साऱ्या शेजाराने केलेल्या गोंगाटाचा?

हा पेच 1994 मध्ये एमआयटीतील नेल्सन, टोथ, शेठ आणि सूर यांनी सोडवला. (यांतले मृगांक सूर कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर.) त्यांनी रोध पेशीच्या आतून, एकाच पेशीपुरता अडवला. शेजार जसाच्या तसा होता. पेशीने आपला कोन सोडला नाही.

यावरून सिलिटो चुकले असे म्हणणे मला घाईचे वाटते. त्यांची मोजमापे खरीच होती; पेशींच्या साऱ्या जाळ्यातून रोध काढला तर निवड खरोखर ढासळते. प्रश्न 'रोध लागतो का' हा नव्हता, तर 'कुठे लागतो' हा होता, आणि 1975 च्या साधनांनी तो विचारताच येत नव्हता.